काचेपलीकडचं वाक्य

१

फिलिपा थर्स्बीने शुक्रवारी सकाळी कारखान्याचं दार उघडलं तेव्हा आतले सगळे दिवे जळत होते. तिला ते खटकलं. नोएल कॅटरमोल दिव्यांच्या बाबतीत फार कंजूष होता. त्याने एकेक दिवा मालवल्याशिवाय कधी कुलूप लावलं नव्हतं.

तिने हाक मारली. मग मागांच्या मोठ्या हॉलमध्ये गेली, आणि लोखंडी जिन्याच्या पायथ्याशी तो तिला दिसला. एक हात अंगाखाली दुमडलेला, गाल गालिच्यावर टेकलेला. गालिचा गर्द लाल होता, म्हणून डोक्याखालचा ओलावा तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

नोएल या संग्रहालयाचा चिटणीस होता. थर्स्बींचा गालिच्यांचा कारखाना बंद पडून काही वर्षं झाली होती. सकाळी साऱ्या ब्रॅमस्टोकला उठवणारा भोंगा, ज्याला गाव 'बैल' म्हणायचं, तोही मुका झाला होता. कारखान्याची जागा एका सुपरमार्केटला विकायची असं फिलिपाने जवळजवळ ठरवलं होतं. नोएलने दारोदार फिरून, लोकांच्या माळ्यांवरून धोटे, रिळं, जुने नमुने गोळा करून तिथे संग्रहालय उभं केलं. शनिवारी दुपारी त्याचं उद्घाटन होतं. थोडक्यासाठी त्याचं ते बघायचं राहिलं.

डॉक्टर म्हणाले, जिन्यावरून पडला असणार. रेलिंगवर डोकं आपटलं की एवढं पुरतं. सार्जंट टिबेट्सने मान डोलावली. पण शहराहून आलेली इन्स्पेक्टर ऑड्री पेनफोल्ड गप्पच होती. लहानपणी गालगुंडानंतर तिचा डावा कान गेला होता. तेव्हापासून समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची तिला सवय होती आणि पुष्कळ लोक त्याने अस्वस्थ व्हायचे. डॉक्टरही झाले.

"तुम्हाला पटत नाही का?" त्यांनी विचारलं.

पेनफोल्ड पूर्वेच्या खिडकीपाशी जाऊन खाली बसली. ऊन नुकतंच आत आलं होतं, अगदी तिरपं, जमिनीला लागून. पेनफोल्डची आई गालिच्याच्या कारखान्यातच कामाला होती. विणलेल्या गालिच्यातल्या चुका शोधून सुईने दुरुस्त करायचं तिचं काम. त्यामुळे गालिच्याला लव असते आणि ती एकाच बाजूला कललेली असते, हे पेनफोल्डला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. इथे सगळी लव दाराकडे कललेली होती. फक्त खिडकीपासून जिन्यापर्यंत माणसाच्या खांद्याएवढा रुंद एक पट्टा उलटा फिरला होता. त्या उन्हात तो पट्टा काळपट दिसत होता.

"जिन्यावरून पडलेला माणूस जिन्यापाशीच असतो," ती उठत म्हणाली. "हा खिडकीपाशी पडला होता. नंतर कोणीतरी त्याला ओढत जिन्यापर्यंत नेलंय."

२

त्या खिडकीशेजारी भिंतीवर पितळेची एक नवी दांडी होती. तिला दोन चिमटे लटकत होते. चिमट्यांमध्ये काहीच नव्हतं. खालच्या मांडणीवर ठेवलेल्या, मागाच्या लोखंडी वजनांपैकी एक वजन पुसल्यासारखं स्वच्छ होतं. बाकीच्यांवर धूळ होती. कशाने मारलं हा प्रश्न तिथेच मिटला. राहिला दांडीचा. पेनफोल्डने ठरवलं की भेटेल त्या प्रत्येकाला आधी तेच विचारायचं, इथे काय टांगलं होतं?

फिलिपाला ठाऊक नव्हतं. बुधवारी संध्याकाळी तिने स्वतः कुलूप लावलं तेव्हा दांडी रिकामी होती. गुरुवारी दुपारी मात्र नोएल खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी काखेत घेऊन आला. भलताच खुशीत होता. काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाला, शनिवारी सगळ्यांबरोबर बघ. त्यानंतर फिलिपा मावशीकडे वूस्टरला गेली आणि रात्री तिथेच राहिली. मावशी आणि मावशीचे शेजारी दोघांनीही ते सांगितलं. जागा विकायला नोएल आडवा येत होता हे तिने लपवलं नाही. म्हणाली, "मी त्याच्यावर चिडले होते. पण महिन्याभरापूर्वी त्याने मला हे सगळं हिंडून दाखवलं, त्यानंतर विकायचं माझ्या मनातून गेलं."

डेन्झिल क्रम्प हा गालिचे अंथरून देणारा. पन्नाशीचा, रुंद मानेचा, लवकर लाल होणारा माणूस. हॉलमधला लाल गालिचा त्यानेच घातला होता आणि एका भिंतीशी तो वीतभर तोकडा पडला होता. त्यावरून बुधवारी बाजारातल्या पबमध्ये नोएलचं नि त्याचं जोरात वाजलं. माप चुकलंय हे उद्घाटनाला आलेल्या प्रत्येकाला दिसणार आहे, असं नोएल सगळ्यांदेखत बोलला होता. डेन्झिलने त्याला बघून घेईन म्हटलं, तेही सगळ्यांदेखत.

पेनफोल्ड त्याच्या दुकानात त्याच्याशी बोलत होती तेव्हा दाराशी एक तुकडा पसरलेला होता. त्यावर तिच्या बुटाची खूण उमटली. बोलता बोलताच, खाली न बघता, डेन्झिलने पाय फिरवून लव पुन्हा बसवली. गुरुवारी संध्याकाळी कुठे होता? लडलो गावाहून गाडी चालवत परत येत होतो. बरोबर कोण होतं? कोणी नाही. दांडीवर काय होतं? कुठली दांडी, मी गालिचा घातला तेव्हा भिंतीवर काहीच नव्हतं, असं तो म्हणाला.

कॉनरॅड वॉर्डलच्या घरी चहा मिळाला. हा गावातल्या शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक आणि संग्रहालयाच्या विश्वस्तांचा अध्यक्ष. पण ब्रॅमस्टोकमध्ये त्याची खरी ओळख म्हणजे तो ल्युशियन वॉर्डलचा मुलगा. ज्या 'द्राक्षवेल' नक्षीने या गावाचं नाव झालं, जी जहाजांच्या जेवणघरांत आणि मोठमोठ्या हॉटेलांच्या जिन्यांवर अंथरली गेली, ती ल्युशियनची. बैठकीत त्याचं तैलचित्र होतं. कॉनरॅडने आयुष्यभर त्या वेलीवर भाषणं दिली होती. नवीन वस्तीतल्या एका रस्त्याला वडलांचं नाव द्यावं म्हणून तो नगरपालिकेशी भांडला होता आणि जिंकलाही होता.

नोएल त्याचा शाळेपासूनचा वर्गमित्र. अख्ख्या गावात कॉनरॅडला 'कॉनी' म्हणणारा तो एकटाच. हे सांगताना त्याचा आवाज कापला, आणि ते नाटक नव्हतं असं पेनफोल्डला वाटलं.

मंगळवारच्या बैठकीनंतर आपण कारखान्यात पाऊल टाकलेलं नाही, तो म्हणाला. घसा धरला होता, गुरुवारी घरीच होतो. दांडीबद्दल विचारलं तेव्हा त्याने खांदे उडवले.

"असेल एखादा जुना नमुन्याचा तुकडा. विटलेला. त्याला कोण चोरणार?"

खोलीत केस जळल्यासारखा उग्र वास होता. पेनफोल्डने नाक वर केलेलं पाहून तो हसला आणि म्हणाला, कुत्रा शेकोटीच्या फार जवळ झोपतो हो, ऐकत नाही. कुत्रा तिथेच सतरंजीवर पडला होता, म्हातारा, लांब केसांचा. पेनफोल्डने जाताना त्याच्या अंगावरून हात फिरवला.

ती पोलीस ठाण्यात परतली तेव्हा बाकावर एक म्हातारी बाई हॅट घालून ताठ बसली होती. टिबेट्स तिच्या कानाशी ओरडून काहीतरी सांगत होता आणि ती त्याच्याकडे कीव आल्यासारखी बघत होती.

"ओरडू नकोस रे," ती त्याला म्हणाली. "नीट तोंड उघडून बोल, मला दिसतं." मग ती पेनफोल्डकडे वळली. "मी डॉर्कस यॅप. कारखान्यासमोर राहते. नोएल मेला, त्याच्या आधी तो काय बोलला ते मी पाहिलंय."

३

मिस यॅपचं वय ऐंशीच्या पुढे. तेराव्या वर्षी ती कारखान्यात लागली. मधली दोन वर्षं नक्षीच्या खोलीत चौकडीच्या कागदावर रंग भरायला होती, पण बाकी सारा जन्म रंगीत लोकर रिळांवर लावायच्या खोलीत गेला. मागांच्या आवाजाने कान गेले. त्याचं तिला दुःख नव्हतं. मागांच्या हॉलमध्ये कोणालाच काही ऐकू येत नसे. सगळे ओठांवरून वाचत. लग्नं तशीच ठरली, भांडणं तशीच झाली. अजूनही ब्रॅमस्टोकमधल्या म्हाताऱ्या बाया रस्त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून आवाज न करता तासभर बोलतात.

गुरुवारी अंधारून येत होतं तेव्हा ती पडदा ओढायला खिडकीशी गेली. समोर कारखान्यात दिवे लागले होते. नोएल खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याच्या समोर कोणीतरी पुरुष होता, रेनकोट घातलेला, तिच्याकडे पाठ. त्याचा चेहरा दिसला नाही. नोएलचा चेहरा मात्र दिव्याखाली स्वच्छ होता.

"काय म्हणाला तो?" पेनफोल्डने विचारलं.

मिस यॅपने डोळे मिटले. मग एकेक शब्द वेगळा ठेवल्यासारखी म्हणाली, "हे तुझ्या मापाचं नाही. शनिवारी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे." थांबून तिने पुढे सांगितलं, "आणखी काहीतरी म्हणणार होता. पण तेवढ्यात कोळशाचा ट्रक मध्ये आला. ट्रक गेला तेव्हा खिडकीत कोणी नव्हतं. मला वाटलं, गेले असतील घरी."

टिबेट्सने पेनफोल्डकडे पाहिलं. त्याला आणखी काही ऐकायचं नव्हतं.

डेन्झिल क्रम्पला त्याच संध्याकाळी घरून आणलं. त्याच्या बायकोने दारातच त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता. टिबेट्सला ती बोटं एकेक करून सोडवावी लागली. रात्र पडायच्या आत गावभर झालं. कोणीतरी डेन्झिलच्या दुकानाची काच फोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको पाव आणायला गेली, तर रांगेतल्या बायका बाजूला सरकल्या, जागा करून द्यायला नव्हे.

कॉनरॅड वॉर्डलने जाहीर केलं की उद्घाटन ठरल्या वेळीच होईल. नोएलला तेच आवडलं असतं, असं तो म्हणाला.

डेन्झिल रात्रभर एकच सांगत राहिला. मी चिडलो होतो, पण शुक्रवारी सकाळी पट्टी जोडून द्यायचं मी कबूल केलं होतं. गुरुवारी दुपारी मी त्याला फोन करून तसं सांगितलंही, तो म्हणाला, बरं झालं डेन्झिल, मिटलं. या फोनला साक्षीदार कोणी नव्हता. ज्याने ऐकलं तो मेला होता.

पेनफोल्डला झोप लागली नाही. तिला राहून राहून तो उलट्या लवेचा पट्टा दिसत होता. बोलता बोलता पायाने लव सरळ करणारा माणूस, मुडदा ओढून झाल्यावर ती तशीच टाकून जाईल? घाबरला असेल म्हणावं तर वजन पुसून जागेवर ठेवण्याएवढं भान त्याला होतं. पण मिस यॅपचं वाक्य समोर उभं होतं, आणि ती बाई खोटं बोलत नव्हती.

४

शनिवारी बाजार भरला. चीज, कोंबड्या, जुने कोट, चिनीमातीची भांडी. गाण्यांच्या तबकड्या विकणाऱ्याने कर्णा लावला होता आणि त्यात वरून चर्चच्या घंटांची भर. एवढ्या गोंगाटात पेनफोल्डचा चांगला कानही निकामी व्हायचा. ती घाईने निघाली होती. दुपारी उद्घाटनाआधी डेन्झिलवर आरोप ठेवायचा की नाही ते तिला वरिष्ठांना कळवायचं होतं.

लोकर आणि दोरे विकणारी एक बाई तिला बघून हात हलवत होती. ती काय बोलते ते ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ओठ दिसत होते. बाईसाहेब, तुमचं मटण पडलं.

पेनफोल्ड बुचकळ्यात पडली. शेजारीच खाटकाचा ठेला होता. तिने मान हलवून खुणेने सांगितलं की मी काही मटण घेतलेलं नाही. बाई हसायला लागली, ठेल्याला वळसा घालून बाहेर आली, वाकली, आणि दगडांच्या फटीतून एक तपकिरी बटण उचलून तिच्या तळहातावर ठेवलं. पेनफोल्डच्या कोटाला मधोमध तुटलेला दोरा लोंबत होता.

"बटण म्हणाले मी," ती बाई तिच्या उजव्या कानाशी येऊन म्हणाली. "मटण कशाला पडेल?"

पेनफोल्ड आभार मानायचं विसरली. भर बाजारात, ते बटण मुठीत घेऊन, ती आवाज न करता ओठ हलवत राहिली. बटण, मटण. दोन्ही वेळा ओठ मिटले, उघडले. जन्मभर ओठ वाचूनही ती फसली होती, कारण शेजारी खाटीक होता. जे आजूबाजूला असतं तेच माणूस वाचतो. प, ब आणि म. आरशात बघितलं तरी तिन्ही सारखीच.

मिस यॅपच्या आजूबाजूला जन्मभर काय होतं? कारखाना. कारखान्यात दिवसभर सगळ्यांच्या ओठांवर एकच शब्द. माप.

ती पळतच ठाण्यात गेली. टिबेट्सला तिने दोन कामं सांगितली, त्यातलं दुसरं ऐकून तो जागेवरच थबकला.

"मॅडम, मुख्याध्यापकांच्या घरात? त्यांनी मला शिकवलंय."

"मग तुला पत्ता विचारावा लागणार नाही. राख, कोळशाची खोली, बागेतला कचरा, सगळं बघ. कागदपत्रांचं मी करते."

५

पहिल्या कामासाठी टिबेट्स मिस यॅपला घेऊन तिच्याच खिडकीत उभा राहिला. पेनफोल्ड समोर कारखान्यात, नोएल उभा होता त्याच जागी. दिवे लावले. तिने आधी हवापाण्याबद्दल एक वाक्य म्हटलं, मग बाजाराबद्दल. आवाज अजिबात नाही. पलीकडे मिस यॅप मोठ्याने वाचत होती, आणि बरोबर असलं की टिबेट्स हात वर करत होता. दोन्ही वेळा हात वर झाला.

तिसरं वाक्य काय असेल ते पेनफोल्डने एका चिठ्ठीवर लिहून आधीच त्याच्या खिशात ठेवलं होतं. ते तिने सावकाश म्हटलं.

मिस यॅप बोलली. टिबेट्सने चिठ्ठी उघडली. त्याचा हात वर झाला नाही. तो म्हातारीकडे बघत राहिला आणि मग त्याने चिठ्ठीच तिच्या हातात दिली.

पेनफोल्ड रस्ता ओलांडून आली तेव्हा मिस यॅप खुर्चीत बसली होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं: हे तुझ्या बापाचं नाही.

"मला मापाचंच दिसलं," ती म्हणाली. "आत्तासुद्धा."

"चूक तुमची नाही. ते तसंच दिसतं."

मिस यॅपने चिठ्ठीची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. तिला काहीतरी विचारायचं होतं. तिने विचारलं नाही.

"एक माणूस विनाकारण कोठडीत बसलाय," शेवटी ती एवढंच म्हणाली. "माझ्यामुळे. त्याला सोडा आधी."

६

दुपारी हॉल भरू लागला. महापौर आले, शाळेचं बँड पथक आलं, जुने विणकर त्यांच्या ठेवणीतल्या कोटांत आले. कॉनरॅड वॉर्डल हातात भाषणाचे कागद घेऊन दाराशी लोकांचं स्वागत करत होता. पेनफोल्डने त्याला बाजूच्या नमुन्यांच्या खोलीत यायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"पाच मिनिटांत मला बोलायचंय," तो म्हणाला.

"बसा, मिस्टर वॉर्डल. डेन्झिल क्रम्पला आम्ही सोडलंय."

तो बसला नाही. पण त्याने कागद टेबलावर ठेवले.

पेनफोल्डने आवाज चढवला नाही. नोएलला ओढून नेलं आणि लव उलटी राहिली, ती म्हणाली. गालिचे अंथरण्यात जन्म घालवलेल्या माणसाच्या पायाने ती आपोआप सरळ केली असती. गालिच्यावर नुसती भाषणं देणाऱ्याच्या ते ध्यानातही येणार नाही. दुसरं, दांडीवर काय होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. नोएलने ते गुरुवारी दुपारी आणलं आणि फिलिपालाही दाखवलं नाही. "तुम्ही मंगळवारनंतर इथे आलाच नाहीत. तरी तो नमुन्याचा तुकडा होता आणि तो विटलेला होता, हे तुम्ही मला सांगितलंत."

"मी अंदाज केला. इथे दुसरं काय असणार?"

"धोटे आहेत, फोटो आहेत, नकाशे आहेत. तुम्ही त्यातलं काही म्हणाला नाहीत." ती पुढे म्हणाली. "तिसरं, तुमच्या घरातला वास. तुमच्या कुत्र्याचा एक केस जळलेला नाही, मी हात फिरवून पाहिलं. लोकर जळली की तसाच वास येतो."

बाहेर बँड वाजायला लागला. कॉनरॅड भिंतीवरच्या नमुन्यांकडे बघत होता.

"आणि नोएल काय म्हणाला ते एका बाईने पाहिलं. आम्ही सगळ्यांनी ते चुकीचं समजून घेतलं. हे तुझ्या मापाचं नाही, असं नव्हतं ते. हे तुझ्या बापाचं नाही, असं होतं. या हॉलमध्ये ज्याच्या बापाचं काही आहे असा गावात एकच माणूस आहे."

"हे तुम्ही कोर्टात सिद्ध करणार? बहिऱ्या म्हातारीच्या डोळ्यांवर?"

दारावर थाप पडली. टिबेट्स आत आला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि त्याने आपल्या जुन्या मुख्याध्यापकाकडे बघायचं टाळलं. त्याने टेबलावर पोतं उलगडलं. आतला तुकडा उशीच्या अभ्र्याएवढा होता. एक कोपरा जळून काळ्या मण्यांसारखा गोळा झाला होता. लोकर ज्वाळा धरत नाही, नुसती धुमसते. तसं झाल्यावर त्याने तो विझवून कोळशाच्या ढिगात खुपसला असावा. काजळीखाली द्राक्षवेल स्पष्ट होती. काठावर, विणतानाच घातलेली, दोन अक्षरं आणि एक साल. डी. वाय., १९२१.

"तुमचे वडील ब्रॅमस्टोकला कधी आले?" पेनफोल्डने विचारलं.

ते तिला सांगायची गरज नव्हती. बाहेरच्या फलकावर ते मोठ्या अक्षरांत होतं, कॉनरॅडनेच लिहिलेलं. पुढच्या सालच्या वसंतात.

आता तो बसला. त्याने त्या तुकड्यावरून बोट फिरवलं. मग बोलला तेव्हा तो मुख्याध्यापकाचा आवाज नव्हता.

"त्याने मला बोलावून घेतलं. म्हणाला, कॉनी, तुला आधी कळावं म्हणून. त्याला वाटत होतं मी समजून घेईन. तो माझ्यावर उपकार करत होता." तो पुढे म्हणाला. "मी त्याला म्हटलं, माझी अठ्ठावन्न वर्षं आहेत रे त्याच्यात. रस्ता आहे. तो म्हणाला, रस्ता दुसऱ्या नावाचा होईल. आणि पाठ करून तो तुकडा सरळ टांगायला लागला. एवढ्या मायेने टांगत होता. मला ते बघवेना."

"पूर्ण वाक्य काय होतं?" पेनफोल्डने विचारलं. "मध्ये ट्रक आला. साक्षीदाराला शेवट दिसला नाही."

त्याने सांगितलं.

बाहेर लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती. वक्ता उशीर करतोय असं त्यांना वाटत होतं. टिबेट्सने त्याला मागच्या दाराने नेलं.

७

संध्याकाळी पेनफोल्ड मिस यॅपच्या घरी गेली. जळका तुकडा तिने बरोबर घेतला होता. तो पुरावा होता, बाहेर न्यायची परवानगी नव्हती, आणि तिने ती मागितलीही नव्हती.

मिस यॅपने तो मांडीवर घेतला. तिने अक्षरांकडे आधी पाहिलंच नाही. तुकडा उलटून पाठीकडून वीण चाचपली.

"रूबेनने विणलाय," ती म्हणाली. "मागावरचा विणकर होता तो. त्याचाच हात. मला न सांगता त्याने अक्षरं घातली होती. नंतर म्हणाला, कोणालातरी माहीत असायला हवं. पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेला." नोएलला हा तुकडा रूबेनच्या भाचीच्या माळ्यावर मिळाला होता.

मग तिने हळूहळू सांगितलं. एकोणीस वर्षांची असताना नक्षीच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत, तिने ती वेल काढली. व्यवस्थापकाने ती ठेवून घेतली. नवीन नक्षीकार आला, त्याने रंग बदलले, आणि नाव त्याचं लागलं. तिला रिळांच्या खोलीत परत पाठवलं. नक्षीवर मुख्य नक्षीकाराचंच नाव असतं, असं तिला समजावलं होतं. पुढे तीच वेल तिने हजारो वेळा रिळांवर चढवली.

"तुम्ही कधी कोणाला बोलला नाहीत?"

"कोणी विचारलं नाही." तिने तुकड्यावरची काजळी रुमालाने टिपली. "पण वाटायचं, कोणीतरी एकदा मोठ्याने म्हणेल. म्हणाला कोणीतरी. माझ्या डोळ्यांसमोर म्हणाला, आणि मला वाचता आलं नाही. त्यापायी तो मेला."

 नोएल यामुळे मेला नाही, असं पेनफोल्डने सांगणं खोटं झालं असतं.

"त्याचं वाक्य अर्धं राहिलं होतं," ती म्हणाली. "वॉर्डलने मला पुढचं सांगितलं."

मिस यॅपने हात वर करून तिला थांबवलं. खुर्ची दिव्याकडे वळवायला सांगितली, चष्मा पुसला, आणि म्हणाली, "आवाज करू नका. त्याने जसं म्हटलं तसं म्हणा."

पेनफोल्ड तिच्यासमोर बसली. तिने फक्त ओठ हलवले. हे तुझ्या बापाचं नाही. शनिवारी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, हे डॉर्कस यॅपचं आहे.

म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत होती. तिने मान हलवली, एकदाच. दिसलं म्हणून.

मग तिने तुकडा उचलून दिव्यासमोर धरला आणि वेलीच्या वरच्या वळणावर बोट ठेवलं.

"हे पान बघा," ती म्हणाली. "हे उलट्या बाजूला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करणार होते, तर कागद उचलून घेऊन गेले. साठ वर्षं त्या जहाजांवरून, हॉटेलांतून लोक त्या चुकलेल्या पानावरून चालतायत. संग्रहालयात माझं नाव लावणार असाल तर खाली तेवढं लिहा."